खंडेनवमीचा अमोनिया

नाही, पण मला एक सांगा, प्रयोगशाळेत प्रयोग करायचे नाहीत तर काय कुरडया वाळत घालायच्या? नाही, तुम्हीच सांगा! नवरात्र बसायच्या आधी देवव्रतचा फोन. देवव्रत म्हणजे आता आमच्या कॉलेजचा प्राचार्य, डॉक्टर वगैरे लावतो नावामागे, पण माझ्या हाताखाली बारावी झालेला, आणि ब्युरेटमध्ये तोंडाने फुंकर मारून ॲसिड टेबलभर उडवणारा माझ्या उभ्या नोकरीतला एकमेव विद्यार्थी... तर हा म्हणतो, "मॅडम, एक आनंदाची बातमी आहे." म्हटलं, सांग बाबा. "आपली केमिस्ट्रीची लॅब आहे ना, तिथं आपण एसी स्टडी हॉल करतोय!" आनंदाची बातमी! उद्या म्हणेल, मॅडम, आनंदाची बातमी, तुमचं स्वयंपाकघर काढून तिथं आपण फळा लावतोय!

मी म्हटलं, "अरे, मग मुलांनी प्रॅक्टिकल कुठं करायची?" तर म्हणतो, "मॅडम, मुलं येतातच कुठं? सगळी क्लासला असतात. प्रॅक्टिकलचे मार्क आपण देतोच की." देतोच की! जसं काही संक्रांतीचं वाण लुटतोय! आणि वर मखलाशी, "खंडेनवमीला लॅबमध्ये शेवटची पूजा करू मॅडम, तुमच्याच हस्ते. आणि आठवण म्हणून काही न्यायचं असेल तर न्या हं, टेस्ट ट्यूब वगैरे." टेस्ट ट्यूब वगैरे! जिथं माझं तारुण्य सल्फरच्या वासात गेलं तिथून मी काय नेऊ, तर एक टेस्ट ट्यूब. वगैरे.

आता तुम्ही म्हणाल, सुधाताई, निवृत्त झालात, जपमाळ ओढा, तुम्हाला काय करायचंय? बरोबर आहे. निवृत्त माणूस म्हणजे ब्रॅकेटच्या बाहेरचा क्लोरीन, सूत्रात नाव असतं, पण बंधात जागा नसते! तुम्ही केमिस्ट्री विसरला असाल, विसरा, त्यानं काही अडत नाही, पण माझं एवढं एकच ऐकून घ्या, कारण माझा अख्खा संसार त्यात आहे. साधा बंध कसा होतो? वर्गणी काढल्यासारखा. एक इलेक्ट्रॉन तू टाक, एक मी टाकतो, झाली जोडी, झाला बंध. पण कोऑर्डिनेशनच्या संयुगात तसं नसतं! तिथं मधोमध एक धातू बसलेला असतो, तांबं म्हणा, निकेल म्हणा, लोखंड म्हणा, आणि हा आपल्याभोवती नुसत्या रिकाम्या खुर्च्या मांडून बसतो. खिशात दमडी नाही! मग येतो लिगंड. लिगंड म्हणजे कोण, तर ज्याच्याजवळ इलेक्ट्रॉनची एक जोडी आहे, वापरात नसलेली, घरात नुसती पडून असलेली... तिला म्हणतात लोन पेअर. अमोनियाजवळ असते, पाण्याजवळ असते. तो लिगंड येतो, रिकाम्या खुर्चीत बसतो आणि आपल्याजवळची जोडीच्या जोडी धातूपुढे ठेवतो. म्हणजे बघा, बंध दोघांचा, इलेक्ट्रॉन दोन्ही लिगंडचे! वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं, आणि दर वर्षी फळ्याकडे तोंड करून मनात म्हणायचे, अगं बाई, हे तर आमच्या घरातलंच! आमचे हे मधोमध, खुर्चीत. सकाळी पेपर कोण आणून देतं? मी. चष्मा कोण शोधतं? मी. नातेवाइकांचे वाढदिवस कोणाला पाठ? मला. आणि लोक म्हणतात, गंगाधररावांचा संसार कसा छान झाला! बंध दोघांचा, इलेक्ट्रॉन दोन्ही माझे!

आणि तुम्हाला सांगते, माणूस वाईट नाही हो. फिजिक्सला होते आमच्याच कॉलेजात. भांडण नाही, तंटा नाही, पण एक तंबाखू! ती दोन तोंडांची स्टीलची डबी असते बघा, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना, ती कायम खिशात. लग्न झाल्यापासून मी त्या डबीच्या मागे आहे. शेवटी या पाडव्याला, गुढीसमोर, नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "सोडली!" केवढं कौतुक केलं मी! श्रीखंड घरी केलं, विकतचं नाही. तेव्हापासून हे सकाळ-संध्याकाळ बागेत फिरायला जाऊ लागले. मी आपली शेजारणींना सांगतेय, तंबाखू सुटली की माणसाला कसा हुरूप येतो बघा.

तर ती नात, आभा. आमच्या यशश्रीची मुलगी. यशश्री नि जावई असतात कळवणला, पोरगी आमच्याकडे, नाशिकला, कारण बारावीचा क्लास. हल्ली मुलं आजोळी येत नाहीत, क्लासला येतात, आजोळ वाटेत लागतं. जावयाचं, धनराजचं, कळवणला शेतीऔषधांचं दुकान आहे. आता गंमत ऐका, हा माणूस दिवसभर चिलेट विकतो! द्राक्षाची नि डाळिंबाची पानं पिवळी पडली की शेतकरी येतात, हा बाटली काढून देतो, चिलेटेड लोह. मी एकदा विचारलं, "धनराज, चिलेटेड म्हणजे काय हो?" तर म्हणतो, "आई, चिलेटेड म्हंजे लय भारी क्वालिटी!" भारी क्वालिटी! अहो, म्हटलं, चिलेट म्हणजे खेकड्याची पकड. एकच लिगंड, पण त्याला हात अनेक, आणि सगळ्या हातांनी एकाच धातूला आवळतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत नुसतं लोखंड टाकलं तर ते तिथंच अडकून बसतं, पण चिलेट त्याला कवेत घेऊन मुळापर्यंत नेऊन सोडतो. जावयानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हां, म्हंजे होम डिलिव्हरी." आता यात चूक तरी कुठं काढू?

पण आभाचं तसं नव्हतं. आभाचं बिनसलं होतं. एका संध्याकाळी बघते तर पोरगी पुस्तकावर डोकं ठेवून बसलेली, डोळे लाल. म्हणाली, "आजी, मी सायन्सच सोडते, केमिस्ट्री मला जमणारच नाही. मी सांगून टाकते बाबांना, मला हे करायचंच नाही." अगं पण झालं काय? तर कोऑर्डिनेशन कंपाऊंड्स! माझा धडा! मी म्हटलं, "सांग बघू, मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घातला तर काय होतं?" तर झोपेत विचारल्यासारखं म्हणाली, "डीप ब्लू, टेट्रामीन कॉपर, स्क्वेअर प्लेनर, ऑप्शन सी." म्हटलं, "पाहिलायस तो निळा?" म्हणाली, "पीडीएफमध्ये. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढलीय." जो रंग बघून मी एकोणिसाव्या वर्षी ठरवलं की आपण आयुष्यात हेच करायचं, तो रंग माझ्या नातीला कोणी झेरॉक्सवर दाखवला! काळा! मग कसं जमेल? कसं जमेल हो? तिला सगळी नावं पाठ, माणूस एकही ओळखीचा नाही.

तेव्हाच ठरवलं. लॅब जाणार असेल तर जाऊ दे, मी काही टेबलाला मिठी मारून बसणार नाही, पण जायच्या आधी त्या पोरीनं तो निळा एकदा, एकदाच, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मग बापाला काय सांगायचं ते सांगू दे. आणि दिवसही चांगला, खंडेनवमी. म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी शस्त्रं-अवजारं पुजतात ना, शिंपी मशीन पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, तशी आमची लॅब पुजली जायची. काय थाट असायचा! रहेमानभाई आमचे लॅब अटेंडंट, आदल्या दिवसापासून तराजू पुसत बसायचे. आणि ते किप्सचं यंत्र, काचेचं, मोठ्या पोटाचं, वर्षभर नासक्या अंड्यांच्या वासाचा गॅस सोडणारं, त्याला त्या दिवशी झेंडूची माळ घालून असं बसवायचे की नव्या मुली हात जोडायच्या. एकीनं तर गंध लावून वर दहा रुपये ठेवले होते!

आणि तुम्हाला म्हणून सांगते, माझं लग्न त्या खंडेनवमीनं जमवलं. हो! हसू नका. मी नुकतीच लागले होते. प्राचार्य होते तेव्हाचे, मराठीचे, धोतर, अंगावर उपरणं, आणि बोलणं असं की समोरच्याला आपला मुद्दा आठवू नये. पूजा निम्म्यावर आली आणि पंचपाळ्यातलं कुंकू संपलं. आणि बाजूच्या टेबलावर, काचेच्या बशीत, बीएस्सीच्या मुलांनी निकेल मोजायला काढलेला साका वाळत ठेवलेला. निकेलच्या पाण्यात डीएमजी नावाचं एक औषध घालतात, की लालभडक चोथा तळाला बसतो, वाळला की हुबेहूब कुंकू! प्राचार्य म्हणाले, "हे काय, कुंकू इथं आहेच की!" आणि बोट बुडवलं! मी म्हटलं, "सर, ते नाही..." तर म्हणाले, "अहो सुधाताई, शुभकार्यात 'नाही' शब्द उच्चारू नये." म्हटलं, "पण सर, ते निकेल..." तर म्हणाले, "निकेल काय नि तांबं काय, सारी त्याचीच रूपं!" आणि लावलं की हो! तराजूला लावलं, किप्सला लावलं, स्वतःला लावलं, मग रांगेनं सगळ्या स्टाफला. शेवटी फिजिक्सचे एक लांबट चेहऱ्याचे गृहस्थ उभे होते, पूजेला नव्हे, पेढ्यांसाठी, त्यांनाही लावलं. मी तेवढी मागच्या मागे सटकले.

झालं! ते काही साधं कुंकू नव्हतं, पाण्यानं जातंय कशाला? डीएमजीचे दोन रेणू निकेलला दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी दोन दोन हातांनी धरतात, खेकड्याचीच पकड ती! प्राचार्यांनी साबण लावला, तेल लावलं, बायकोनं पीठ चोळलं, कपाळ खाजवून खाजवून टेंगूळ. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सगळा स्टाफ सोनं लुटतोय, आणि प्रत्येकाच्या कपाळावर कालचाच टिळा! नि तो लांबट चेहरा लॅबच्या दारात उभा. "मॅडम, हे जात नाहीये." म्हटलं, "जाणार नाही. चिलेट आहे. त्याला आंबट लागतं." लिंबाची फोड दिली, म्हटलं चोळा, ॲसिडपुढे पकड सुटते. चोळली, गेलं. गेलं ना? विषय संपला ना? तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! कपाळ स्वच्छ, आरशासारखं! "मॅडम, थोडं राहिलंय का बघता?" आता काय बघू, कपाळ? बघितलं. ते कपाळ मी अजून बघतेय. ती लिंबाची फोडही माझीच होती, म्हणजे तेव्हापासूनच बघा, बंध दोघांचा, इलेक्ट्रॉन दोन्ही माझे!

असो. तर यंदाची खंडेनवमी. मी आभाला उठवलं, म्हटलं क्लासच्या आधी तासभर चल. ती कुरकुरत निघाली, कानात ते पांढरं बोंडूक घालून. हे म्हणाले, "मीही येतो." म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "पेढे असतील ना?" माणूस बदलत नाही! लॅबमध्ये गेलो आणि तुम्हाला सांगते, माझा पाय दारातच अडखळला. निम्मी टेबलं गेलेली. फळ्यावर कोणीतरी खडूनं एसीची जागा आखलेली. टेबलं उचलायला आलेली माणसं दारात बसून बिड्या ओढतायत, "बाई, लवकर उरका, टेम्पो उभाय." आणि त्या सगळ्या पसाऱ्यात रहेमानभाई! तेही निवृत्त, गुडघे गेलेले, पण आलेले, किप्स पुसून, माळ घालून, शेजारी उभे. म्हणाले, "मॅडम, आखरी बार है, म्हटलं चमकवून घ्यावं." रडू आलं, खोटं कशाला सांगू, चांगलं घळाघळा आलं, आणि मी म्हटलं, काही नाही, जुन्या ॲसिडचा वास आहे.

पूजा झाली. देवव्रतनं फोटो काढले. पेढे वाटले, ह्यांनी दोन घेतले. मग मी पदर खोचला. म्हटलं, "रहेमानभाई, मोरचूद." आलं. निळे खडे, जसेच्या तसे, मोरचुदाला काय धाड भरलीय! पाण्यात विरघळवलं, फिकट निळं पाणी. म्हटलं, "आभा, इकडे ये. हे बघ, तांबं मधे बसलंय, आणि आत्ता त्याच्या खुर्च्यांवर पाणी बसलंय. म्हणून हा फिका निळा. आता अमोनिया येणार नि पाण्याला उठवणार. बघत राहा. रहेमानभाई, अमोनिया!"

रहेमानभाईंनी बाटली आणली, झाकण काढलं, आणि हुंगलं. अमोनियाची बाटली हुंगली! आणि माणूस उभाच! एरवी अमोनिया नुसता दुरून आला तरी डोळ्यांतून गंगा-गोदावरी, आणि हे शांत! म्हणाले, "मॅडम, ही मेली." मी हुंगली. नुसतं पाणी! अहो, वर्षानुवर्षं कोणी प्रयोगच केला नाही, झाकण सैल, सगळा गॅस उडून गेलेला! थेंब थेंब घातले, काही नाही. फिकं ते फिकंच. आभानं घड्याळात बघितलं. म्हणाली, "आजी, असू दे ना. मला आन्सर माहितीये." असू दे ना! हे जे "असू दे ना" आहे ना, ते मला किप्सच्या वासापेक्षा जास्त झोंबलं.

म्हटलं थांब! मी काय अशी तशी बाई आहे? अमोनिया उडाला तर उडाला, करू! नवसागर घ्यायचा, कल्हईवाला वापरतो तो, त्यात चुना मिसळायचा, तापवायचा, की अमोनिया हजर. नवसागर होता, कोरडा, टणटणीत. आता चुना. लॅबमधल्या चुन्याची बाटली काढली, तर हवा खाऊन खाऊन त्याचा खडू झालेला. म्हटलं कॉस्टिक सोडा चालेल, तर तो ओल धरून बाटलीत दगड, झाकणासकट! दुकानं सणाची बंद. मी म्हटलं, "देवव्रत, पळ, गेटसमोरच्या पानटपरीवरून चुना आण." तर ओशाळून म्हणतो, "मॅडम, कॉलेजजवळ तंबाखू विकायला बंदी... मीच अर्ज करून हटवली ना ती टपरी." भला माणूस! आयुष्यात एक अर्ज वेळेवर केलास! पूजेचा विडा होता, पण नुसतं पान नि सुपारी, देवाच्या विड्याला चुना कोण लावतं? टेबलवाले म्हणाले, "आमच्याकडं बिडी हाय, चुना नाय." आभानं दप्तर खांद्याला लावलं. मी तिथं हातात नवसागराची नळी घेऊन उभी, आणि म्हणाले, अगदी मोठ्यानं म्हणाले, "अरे, चिमूटभर चुना नाही का रे कोणाकडे?"

आणि मग... मागे कोणीतरी खाकरलं.

बघते तर आमचे हे! चेहरा असा, जसा तेव्हा लॅबच्या दारात होता, लांबट. आणि हात हळूहळू, हळूहळू, खिशाकडे चाललेला. आभा बघतेय. देवव्रत बघतोय. मी बघतेय. आणि खिशातून काय बाहेर आलं? डबी! तीच! दोन तोंडांची! पाडव्यापासून सुटलेली! म्हणजे बागेत फिरायला जातात ते... आणि मी शेजारणींना हुरूप सांगतेय! नजर खाली, आणि डबी माझ्यासमोर धरली, चुन्याचं तोंड माझ्याकडे करून. आभा म्हणाली, "आजोबा!! माझ्या डोक्यावर हात ठेवला होतात!" तर म्हणाले, "तुझ्यासाठीच काढली बेटा." त्यांना ठाऊक होतं ना, डबी दाखवली की घरी काय होणार! तिथं गप्प बसले असते तर मलाच काय, ब्रह्मदेवाच्या बापालाही कळलं नसतं. पण काढली.

माझ्या तोंडात शब्द तयार होते, चांगले रांगेत उभे होते. पण टेम्पोवाला हॉर्न मारतोय, पोरगी दारात... म्हटलं, हिशोब घरी! चुना खरवडला, नवसागरात कालवला, रहेमानभाईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला, नळीला बूच, बुचाला वाकडी नळी, टोक मोरचुदाच्या पाण्यावर धरलं. आणि आला! अहो, आला तो वास! डोळे झोंबले, टेबलवाले "अगगग" करत पळाले, देवव्रतनं रुमाल धरला, आणि मला असं झालं की कोणीतरी माहेरचं भेटलंय. मी पेला हलवतेय. पाणी गढूळ व्हायला लागलं. फिकट, साकळलेलं, नासल्या दुधासारखं. आभा म्हणाली, "आजी, फसलं." म्हटलं, "थांब." म्हणाली, "आजी, बिघडलं ते." म्हटलं, "थांब गं! अमोनिया अजून दारातच आहे, आत येऊन बसू दे त्याला." आणि मग, तुम्हाला सांगते, ते गढूळ विरघळायला लागलं. कडेनं आधी एक निळी रेघ आली, मग पसरली, मग सगळा पेला... निळा. गर्द. शाईहून गर्द, आणि पारदर्शक, आरपार! उन्हात धरला तर समोरच्या भिंतीवर निळा डाग पडला.

आभानं मोबाइल वर केला होता, व्हिडिओ काढायला. तो तिनं खाली ठेवला. कानातलं बोंडूकही काढलं. आणि किती तरी वेळ नुसती बघत बसली. मग म्हणाली, "आजी, पाणी उठलं?" म्हटलं, उठलं. "आणि अमोनिया बसला?" बसला. "आणि प्रत्येकानं आपली आपली जोडी दिली?" दिली. मग पेला पुन्हा उन्हात धरून म्हणाली, "पण मग मधे ते गढूळ का झालं?" झालं! मला दुसरं काय हवं होतं? तिनं प्रश्न विचारला! ऑप्शन ए बी सी डी नसलेला, स्वतःचा! म्हटलं, "क्लासला उशीर होतोय तुला." तर म्हणाली, "होऊ दे. आधी सांग." आणि त्या अर्ध्या मोडलेल्या लॅबमध्ये, उरलेल्या एका टेबलावर बसून, मी पोरीला शिकवलं, की अमोनिया थोडा असला की तांब्याचा आधी साका होतो, भरपूर आला की तोच विरघळून निळा होतो. आमचे हे दाराशी उभे, टेम्पोवाल्याला थोपवत. त्याला पेढे देत होते, आपल्या वाटणीचे!

एवढं मात्र मान्य करायला हवं, त्या दिवशी दोन्ही इलेक्ट्रॉन यांचे होते. चुना यांचा आणि अब्रूही यांचीच. मी बोलून दाखवलं नाही, दाखवायचं नसतं, डोक्यावर बसतात, पण मला फार म्हणजे फार बरं वाटलं.

लॅब गेली. हां, गेली ती गेलीच, दिवाळीआधी एसी लागला, मुलं तिथं थंडीत कुडकुडत ऑप्शन सी करतात. पण देवव्रत तो निळा पेला बघून जरा हललाच होता. म्हणाला, "मॅडम, मागची स्टोअररूम रिकामी आहे, एक बेसिन आहे, शनिवारी तुम्ही येऊन मुलांना असं काही दाखवाल का? फक्त मानधनाचं मात्र..." म्हटलं कळलं! बोलू नकोस पुढे! घरी येऊन ह्यांना सांगितलं, बघा, तिथंही तेच, बंध दोघांचा, इलेक्ट्रॉन दोन्ही माझे! तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, पण घेणारा धातूच नसेल तर ती जोडी जवळ ठेवून करणार काय?" फिजिक्सचा माणूस, पण कधीतरी बोलून जातो.

डबी मी जप्त केली. धुऊन, घासून, देवघरामागे टाकली. आभा सध्या बापाला फोनवर चिलेट शिकवतेय, तो म्हणतो, "पोरी, तू तर आजीच्या वर गेलीस." सगळं छान. आणि परवा शनिवारी मी निघाले, तर हे आपले चपला घालून, पिशवी धरून दारात. आणि खिसा फुगलेला. म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणतात कसे, अगदी गंभीर, "लॅबचं सामान." म्हटलं, "देवव्रतनं अमोनियाची नवी बाटली आणलीय!" म्हणाले, "उडून गेली तर? ऐन वेळी चुना कुठून आणशील?" नवी डबी हो! नवी, चकचकीत, तीही दोन तोंडांची! म्हटलं, "चुन्याचं ठीक आहे, पण दुसऱ्या तोंडात काय आहे?" तर म्हणाले, "ते... बॅलन्ससाठी."

काय करता? घेतलं बरोबर. पोरांना निळा दाखवला, दोनदा दाखवला, पोरं हलेनात. संध्याकाळी घरी आलो, आणि हे मधोमध खुर्चीत बसून सगळ्या सोसायटीला फोनवर सांगतायत, "आज आमचा प्रयोग फार छान झाला." आमचा! आणि फोनवर हात धरून मला म्हणतात, "सुधा, चहा..." म्हणून म्हणते, बंध दोघांचा... जाऊ दे, पुढचं आता तुम्हालाही पाठ झालंय, तुम्हीच म्हणा, मी जरा आधण ठेवते.